पलीकडच्या दारात काठी

अर्धी नदी राखता येते का हो? तुम्हीच सांगा.

विश्राम गवसला वाटत होतं, येते. त्याने ती राखली होती.

घाटाखालच्या दाट रानातून काळवती नदी दोन राज्यांच्या मधून वाहते. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा गोव्याचा. विश्रामच्या गावाने आपल्या काठावर राखण बसवली होती. झाड तोडायचं नाही, डोहात मासे मारायचे नाहीत. घुंगरू बांधलेली एक काठी घरोघर फिरायची. संध्याकाळी ती ज्याच्या दारात उभी, दुसऱ्या दिवसाची राखण त्या घराची.

पलीकडच्या गावानेही, जरा उशिराने का होईना, तशीच काठी फिरवायला घेतली होती. तिथला पुढारी पुंडलिक म्हणजे विश्रामच्या धाकट्या बहिणीचा, वेणूचा नवरा.

तरी मागच्या महिन्यात डोहात मेलेले मासे तरंगले. कुणीतरी विषारी फळं कुटून पाण्यात टाकली होती.

दोन्ही गावांच्या बैठकीत विश्रामने सरळ पुंडलिककडे बोट दाखवलं, पोलिसांची धमकीही दिली. बैठक मोडली. त्या दिवसापासून वेणू माहेरी आलेली नव्हती.

आता विश्राम पोलिसांत तक्रार देणार होता. त्याआधी आशीर्वाद घ्यायला तो सत्यभामामायच्या मठीत आला. माय नदीकाठी एकट्या राहायच्या. दोन्ही गावं त्यांना गुरू मानायची.

"उद्या सकाळी तालुक्याला जातो, माय. एकदा पोलीस आले की पलीकडचे सरळ होतील."

माय कुळीथ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि वेणू?"

"…तिने नवऱ्याला समजवायला हवं होतं."

"पोलीस इथले आणशील की गोव्याचे?"

"इथलेच."

"मग ते पाण्यात कुठवर उतरतील? गुडघ्यापर्यंत?"

विश्राम ओशाळून हसला. पण माघार घेणारा तो नव्हता.

"चेष्टा करू नका, माय. आमच्या काठावर येऊन बघा एकदा. इतकी वर्षं राखण चाललीय, चोरी करताना एक माणूस सापडला नाही. एकही नाही!"

"अडवायला कोण असतं?"

"आमचीच माणसं."

"आणि अडणारी?"

"…म्हणजे?"

सुपातला एक खडा मायने अंगणात भिरकावला.

"आज काठी कुणाच्या दारात जायची?"

"राघूच्या."

"पुंडलिकच्या दारात ठेव."

"कुणाच्या?"

"त्याच्या दारात ठेव," माय म्हणाल्या, "आणि त्यांची मागून आण. ती तुझ्या दारात लाव. तू त्यांचा काठ राख, त्याला तुझा राखू दे."

"माय! ज्याच्यापासून रान वाचवायचं, त्याच्याच हाती रान देऊ?"

"हो."

"गाव मला खुळ्यात काढेल."

"काढेल की. मलाही काढलंय केव्हाच. काही दुखत नाही."

विश्राम उठला. दोन पावलं गेला, परत आला. "नाही, माय. तुम्ही सांगाल ते ऐकतो, पण हे… हे नाही व्हायचं."

मायने सूप बाजूला ठेवलं.

"शिमग्यात आपली पालखी पलीकडे जाते. पाण्याच्या मध्यावर काय होतं?"

"खांदा बदलतो. आपले लोक मागे सरतात, त्यांचे पुढे येतात. रीतच आहे तशी."

"देव पाडतील, अशी भीती वाटते?"

"छे! उलट आपलीच पोरं नाचवताना धसमुसळेपणा करतात. ते किती जपून नेतात! दुसऱ्या गावचा देव म्हणून तर…"

विश्राम बोलता बोलता थांबला.

खाली नदीचं पाणी दगडांवरून वाजत होतं.

मग विश्रामने विचारलं, "आणि त्याने नीट राखलं नाही तर?"

"त्याने नीट राखलं, तर काय करशील ते ठरव," माय म्हणाल्या. "त्याने कुणाला अडवलं, तर तू मध्ये पडू नकोस."

दिवस मावळायच्या आत विश्राम काठी घेऊन नदीत उतरला.

पुंडलिक घरासमोरच्या खळ्यात बसून दोर वळत होता. मेव्हण्याला बघून तो उठला नाही.

"या, या. पोलीस मागून येतायत वाटतं?"

विश्रामने काठी पुंडलिकच्या दाराच्या चौकटीला टेकवली. घुंगरू वाजलं तशी वेणू बाहेर आली. तिने काठीकडे बघितलं, मग भावाकडे.

"दादा, दार चुकलास का रे?"

"नाही गं. उद्या आमचा काठ यांनी राखायचा. तुमची काठी मला द्या."

पुंडलिकच्या हातातला दोर तसाच राहिला. मग आत जाऊन त्याने आपल्या गावची काठी आणली, पण लगेच सोडली नाही. दोघांचेही हात काठीवर होते.

"आमच्यातलं कुणी सापडलं, तर घाबरून सोडून देणार नाही ना?"

"नाही."

"नातेवाईक निघाला तरी?"

"तरी."

"मग मीही सोडणार नाही," पुंडलिक म्हणाला आणि त्याने हात काढून घेतला.

वेणूने भावाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलीकडच्या काठावर, कुटलेल्या फळांची टोपली घेऊन डोहाकडे निघालेल्या एका माणसाला पुंडलिकने अडवलं. तो विश्रामचा सख्खा चुलता होता. विश्राम पलीकडच्या काठावरून बघत होता. चुलत्याने त्याला नावाने हाका मारल्या. तो जागचा हलला नाही.