पट्टी आणि मंगळीचा झगा

वस्तूंना वाचा होती त्या काळी एका अंगणवाडीच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी होती आणि टेबलावर मोबाइल. पट्टी मोजायची, मोबाइल साऱ्या मुलखाला ओरडून सांगायचा, "पोरं खुंटलीत!"

अंगणवाडीवर देखरेख करणारा साहेब चिडला. "बदनामी करतोस?" म्हणत त्यानं मोबाइलचं तोंड बंद केलं. मग पट्टी खालून चार बोटं कापली आणि उरलेली जमिनीला टेकवून ठोकली. पट्टी मूग गिळून बसली. पोरं एका सकाळीत वाढली, म्हणून खुंटलेल्या पोरांना मिळणारी त्यांची अंडी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मंगळी मापाला आली. तिचा झगा म्हणाला, "पट्टीताई, दोन वर्षं मी हिच्या अंगावर आहे, अजून गुडघ्याखालीच येतो. ही वाढली कधी?"

पट्टीला तोंड लपवायला जागा सापडेना. मंगळी मात्र टाचा जमिनीला टेकवून, प्रामाणिकपणे ताठ उभी होती.