नगाऱ्याचा जादा ठोका

पूर्वी, म्हणजे अगदी फार पूर्वी, गोदावरीकाठच्या पोतली नगरीत अरिंजय राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या सैन्यात नगारची होता. हो, नगारची! तलवार नाही, भाला नाही, बसायला घोडासुद्धा नाही. दोन टिपऱ्या आणि एक भलामोठा नगारा. त्या जन्मी त्याला भूरिक म्हणत.

बाकीचे शिपाई लढाया संपल्यावर घरी आले. भूरिक मात्र त्यांच्या कितीतरी आधीच आपल्या गावी, उंबरखेड्याला, येऊन बसला होता. अंगावर जखम नाही, काही नाही. बैलगाडीत नगारा आणि शेजारी हा. का आला, कुणी विचारलं नाही. सैन्यात जाऊन आलेला माणूस म्हटल्यावर गावानं त्याला ओवाळूनच आत घेतलं.

कुणी विचारलं नाही, पण गोधिक तेल्याच्या मनात ते राहिलंच. या गोधिकाला एखादी गोष्ट कळली नाही की घास गिळवायचा नाही. शेजाऱ्याची गाय का हंबरली इथपासून राजाची दाढ का दुखते इथपर्यंत सगळं त्याला हवं असायचं. आणि हाच गोधिक वडवाल्यांचा सगळ्यात धडपड्या कार्यकर्ता.

वडवाले म्हणजे काय, तर गावात दोन पक्ष होते. आठवड्याचा बाजार वडाखाली भरावा म्हणणारे वडवाले, आणि नदीच्या घाटावर भरावा म्हणणारे घाटवाले. बाजार हे आपलं निमित्त हो! सोयरीकसुद्धा पक्ष बघूनच जमायची. गावचा मुख्य म्हणजे ग्रामणी, त्याला सभेत काड्या टाकून निवडायचे. काळी काडी वडाची, पांढरी घाटाची. ज्या पक्षाच्या काड्या जास्त, त्याचा पुढारी ग्रामणी आणि बाजार त्याच्या जागी.

गोधिकानं भूरिकाला बघितलं आणि ओळखलंच, हा आपला पुढारी. नगारा वाजला की माणसं आपोआप जमणार. भूरिक आधी नको म्हणाला, मग त्यांच्यात गेला, मग रमला. कमी बोलायचा, ऐकून घ्यायचा, बांधावरची भांडणं उभ्या उभ्या मिटवायचा. बघता बघता वडवाल्यांचं पारडं जड झालं.

पण एक गोष्ट गोधिकाला सतावत होती. कुठंही बसला की भूरिकाची बोटं गुडघ्यावर एक ठेका धरायची. धिमा, उतरत जाणारा. ठेका संपायचा, मध्ये जरा शांतता, आणि मग एक हलकासा जादा ठोका. नगाऱ्यावर हा ठेका त्यानं कधीच वाजवला नव्हता.

"दादा, ही कसली चाल?"

"कुठली?"

"आत्ता बोटांनी वाजवलीत ती."

"बोटं आहेत, हलतात," भूरिक म्हणाला.

गोधिक मग त्याच्या बायकोकडे, सामाकडे गेला. "वहिनी, तुम्हाला तरी माहीत असेल."

"झोपेत पण वाजवतात," सामा म्हणाली. "माझ्या पाठीवर! मी एकदा विचारलं, तर दिवसभर जेवले नाहीत. तुम्हाला हौस असेल तर विचारा, पण मग स्वयंपाकही तुम्हीच करा."

आता घाटवाल्यांचा पुढारी पिंगल. हाही जुना शिपाई, आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. बाजाराच्या दिवशी तो नागखिंडीच्या लढाईची गोष्ट सांगायचा. "जिंकत आलो होतो रे! शत्रूचा झेंडा हातभर लांब राहिला होता. आणि मागून कुण्या भेकडानं माघारीचा ठेका धरला! फिरलो की आम्ही. शिपायाचे पाय ते, नगाऱ्याचंच ऐकणार. पण तो नगारची मला सापडू दे, त्याचीच कातडी नगाऱ्याला चढवतो का नाही बघा!"

गावात दोन्ही पक्षांत जुने शिपाई पुष्कळ. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, पण या एका गोष्टीवर सगळे माना डोलवायचे. त्या भेकडाला शिव्या घालायला वडवालेही पुढे आणि घाटवालेही.

"तुम्ही नव्हता का हो खिंडीत, भूरिकदादा?" गोधिकानं एकदा विचारलं.

"सैन्यात नगारे पुष्कळ होते," एवढंच भूरिक म्हणाला. बोटं गुडघ्यावर होतीच.

झालं, निवडीचा दिवस आला. नदीकाठच्या मैदानात सभा बसली. वडवाले वडाकडे, घाटवाले पाण्याकडे पाठ करून, मधे काड्यांची टोपली. सभा बोलवायला भूरिकानंच नगारा वाजवला होता, तो वडाखाली तसाच उभा होता. काड्या पडायला लागल्या, आणि काळ्याच काळ्या! गोधिक तर टाचा उंचावून नाचायचाच राहिला होता.

तेवढ्यात कुणीतरी घाटवाल्यानं टोपलीला लाथ मारली.

काड्या उधळल्या. एक शिवी इकडून, दोन तिकडून. "चोर!" "चोर तुझा बाप!" आणि लाठ्या निघाल्या, कोयते निघाले, बैलांच्या जुवाच्या खुंट्यासुद्धा निघाल्या. जुने शिपाई तर सवयीनं रांगेतच उभे राहिले, इकडचे तिकडच्यांसमोर.

गोधिक धावत भूरिकाकडे आला. "दादा, वाजवा! चढाईचा ठेका वाजवा! आपली माणसं जास्त आहेत. एकदा घाटवाले पांगले ना, की संध्याकाळपर्यंत तुम्ही ग्रामणी!"

भूरिकानं टिपऱ्या उचलल्या. समोर बघितलं. या माणसांना तो नावानं ओळखत होता, कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, सगळं. मग हात खाली आले.

धिमा ठेका. उतरत जाणारा.

गोधिकानं कान टवकारले. हाच की तो!

आणि मैदानावर काय झालं म्हणता? पहिल्या ठोक्यांनाच दोन्हीकडच्या जुन्या शिपायांच्या लाठ्या खाली आल्या. पाय आपोआप मागे. तोंड समोर, पाऊल मागे, एका तालात, शिकवलं होतं अगदी तसं. इकडचे वडाकडे, तिकडचे नदीकडे. डोकं विचार करायच्या आत पाय निघालेसुद्धा! मधे तरणी पोरं कोयते उगारून तेवढी राहिली. आजूबाजूला कुणीच नाही म्हटल्यावर तीही ओशाळून मागे सरकली.

ठेका संपला. शांतता. आणि मग तो एक हलकासा जादा ठोका.

पिंगल तोवर कमरेएवढ्या पाण्यात पोचला होता. धोतर फुगून मडक्यासारखं वर आलेलं. एक म्हातारी खुदकन हसली, आणि मग सगळा काठ हसायला लागला. आता कसली मारामारी होते!

पिंगल मात्र हसला नाही. "शेवटचा तो ठोका," तो पाण्यातूनच म्हणाला. "खिंडीत पण होता. एरवी कुणी वाजवत नाही तो. ए भूरिका... तो तूच का?"

गोधिकाला वाटलं, म्हणा ना दादा, सैन्यात नगारे पुष्कळ होते! एवढं म्हटलं की संपलं.

"मीच," भूरिक म्हणाला.

"राजाचा हुकूम होता?"

"नव्हता. म्हणून तर घालवून दिलं मला. म्हणाले, तुझा नगाराही घेऊन जा, त्याचा आवाज नको."

दुसऱ्या दिवशी काड्या पुन्हा टाकल्या. कालचेच लोक, तीच टोपली, पण या वेळी पांढऱ्याच पांढऱ्या. पळपुट्याला ग्रामणी कोण करणार? पिंगल ग्रामणी झाला आणि बाजार घाटावर गेला.

गोधिक रागावून, रुसून आठवडाभर आला नाही. पण विचारल्याशिवाय राहवतंय कुठलं? शेवटी आलाच. "दादा, तो जादा ठोका कशासाठी हो?"

"जो सगळ्यात पुढे गेला असेल त्याच्यासाठी. त्याला ऐकू आलं नसेल, म्हणून."

"आणि खिंडीत खरंच जिंकत होतो का आपण?"

"मला वाटलं, वर कड्यांवर माणसं हलतायत. धोंडे घेऊन."

"होती का पण?"

भूरिक हसला. "मागे फिरल्यावर ते कसं कळणार, गोधिका? कोण बघायला गेलंय? मला एवढंच माहीत आहे, की सगळ्यात पुढे पिंगल होता, आणि तो आज मला शिव्या द्यायला जिवंत आहे."

गोधिकानं हे पिंगलाला सांगितलं असणारच, त्याच्या पोटात राहतंय होय! कारण पिंगल खिंडीची गोष्ट पुढेही सांगायचा, पण 'झेंडा हातभर लांब' इथवर आला की थांबायचा. मांडीवरच्या नातवाला जरा जवळ ओढायचा आणि पुढचं काही सांगायचाच नाही.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली ती एका वनात, झाडाखाली. विहारात भिक्खूंचे दोन गट कडाक्यानं भांडत होते, आणि शास्ता एक शब्द न बोलता पात्र उचलून निघून आले होते. एक तरुण भिक्खू मागोमाग धावत आला आणि म्हणाला, "भन्ते, आपण मागे फिरलात, आता ते आपल्याला हरलेले समजतील!" त्यावर हे सगळं सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचे वडवाले आणि घाटवाले म्हणजे आज विहारात भांडणारे हे भिक्खू. पिंगल म्हणजे त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा. विचारल्याशिवाय ज्याला राहवत नाही तो गोधिक म्हणजे तू. आणि नगारची मीच होतो. कुणी त्या माघारीला भेकडपणा म्हणालं, कुणी काही म्हणालं. त्याचं खरं नाव करुणा."