म्यानातली काळी रेघ

नदीकाठच्या एका गावात एक लोहार होता. त्याने केलेला विळा सासूकडून सुनेकडे जायचा आणि तरी धार धरून असायचा. कोयता म्हटलं की आजूबाजूच्या तीन गावांची माणसं त्याच्याच दाराकडे बोट दाखवायची. माणूस कष्टाळू, मनाने निर्मळ. खोड एकच होती. "मला माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते.

त्याच गावात एक म्हातारा नावाडी राहत होता. नदीच्या दोन्ही काठांना पोलादी तारांचा जाडजूड दोर बांधलेला होता. तो दोर हाताने ओढत नावाड्याने चाळीस वर्षं माणसं, शेळ्या आणि वाजंत्र्यांसकट वरातीसुद्धा पैलतीरी नेल्या. मग नदीवर पूल झाला. दोर उतरवला गेला आणि नाव काठावर पालथी पडली, तिच्या सावलीत कोंबड्या बसू लागल्या.

नावाड्याच्या मुलीने मात्र नाव सोडली नाही. डोंगरापलीकडच्या नदीवर अजून पूल नव्हता आणि तिथली नाव काथ्याच्या दोरावर चालायची. त्या गावाने तिला बोलावणं धाडलं, आणि ती जायला तयार झाली.

तेव्हा नावाडी जुन्या दोराचे हात हात लांबीचे दोन तुकडे घेऊन लोहाराकडे आला.

"या दोराने आम्हाला जगवलं," तो म्हणाला. "याची एक सुरी कर माझ्या लेकीसाठी. तिकडची नदी वेडी आहे. पुरात एखादा ओंडका दोरात अडकला की नाव कलंडते. तेव्हा दोर एका घावात तुटला पाहिजे. सुरीने दगा दिला तर नावेतलं कुणी वाचायचं नाही."

लोहाराने मान डोलावली. सुरीला एक तुकडा पुरे, दुसरा कशाला आणलास म्हणून त्याने नावाड्याची थोडी थट्टाही केली. म्हाताऱ्याने दुसरा तुकडा तरीही कोपऱ्यात ठेवला.

आता खरं सांगायचं तर लोहाराने जन्मात कधी दोराची सुरी केली नव्हती. पण दोराची सुरी होणार म्हटल्यावर अर्धं गाव भट्टीभोवती गोळा झालं होतं, आणि एवढ्या लोकांपुढे विचारायचं तरी कुणाला? "दोर काय नि कांब काय, शेवटी लोखंडच ना," असं म्हणत त्याने दोर निखाऱ्यांत सारला आणि भाता ओढायला घेतला.

तारांमधलं वंगण जळू लागलं. धूर निघाला. वंगण संपलं असेल असं वाटलं तरी दोराच्या मधोमधून काळा, दाट धूर येतच राहिला. लोहाराच्या मनात पाल चुकचुकली. तारांमध्ये आणखी काहीतरी होतं. दोर बाहेर काढावा, उसवावा आणि बघावं, असं त्याला वाटलं. नावाडीही काही सांगायला दोन पावलं पुढे आला, पण लोहाराने ठिणग्या उडतील म्हणून त्याला मागे सारलं. दोर उसवला असता तर लोक म्हणाले असते, लोहार चुकला. त्यापेक्षा त्याने तारा नीट जुळाव्यात म्हणून वर टाकणखार भुरभुरला, दोर पांढराफटक तापवला आणि ऐरणीवर घेतला.

घाव घालता घालता तारा एकमेकींत विरघळल्या. पातं झालं, पात्याला पाणी दिलं, आणि घासल्यावर त्यावर वाऱ्याने पाण्यावर उठतात तशा बारीक लहरी दिसू लागल्या. लोकांनी वाहवा केली. सगळे पांगल्यावर लोहाराने पातं ऐरणीवर वाजवून पाहिलं. टोकाशी ते घंटेसारखं वाजलं. मुठीपासून दोन बोटांवर वाजवलं तेव्हा फुटक्या मडक्यासारखा आवाज आला.

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तोच आवाज.

पात्याच्या पोटात पोकळी राहिली होती, हे त्याला कळलं. वरून मात्र केसाएवढीच रेघ दिसत होती. त्याने ती घासघासून बुजवली, मूठ बसवली आणि स्वतःची समजूत घातली की झाकली मूठ सव्वा लाखाची. कदाचित पूर येणारच नाही. आला तरी ओंडका अडकेलच असं नाही. माणसाला स्वतःला फसवायला फारशी हुशारी लागत नाही.

म्यानासाठी तो वेशीजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या चर्मकार बाईकडे गेला. तिला सगळं गाव काकू म्हणायचं. काकूची एक रीत होती. ती माप घेऊन म्यान शिवत नसे. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं ती पाण्यात भिजवायची, पात्याला मेण चोळायची आणि ओलं चामडं त्याच्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची. चामडं वाळेपर्यंत पातं तिच्याकडे मुक्कामाला. चामड्याने पात्याचं अंग ओळखलं पाहिजे, असं ती म्हणायची, आणि शेवटची शिवण घालायच्या आधी म्यान सुरी करणाऱ्याला उघडून दाखवायची.

तिसऱ्या दिवशी काकूने लोहाराला बोलावलं आणि चामडं उलगडून त्याच्यापुढे धरलं.

आतून चामडं पिवळसर, स्वच्छ होतं. मुठीकडच्या बाजूला मात्र दोन बोटांवर एक बारीक काळी रेघ उमटली होती. लोहाराला ती ओळखायला वेळ लागला नाही. भेगेत मेण पोचलं नव्हतं, पाणी मात्र पोचलं होतं. ते लोखंडाला लागून झिरपलं आणि बाभळीच्या चामड्याला काळं करून गेलं. घासून बुजवलेली रेघ चामड्याने जशीच्या तशी काढून दाखवली होती.

"मी आतून अस्तर लावू शकते," काकू म्हणाली. "कुणाला दिसणार नाही. पण अरे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

लोहाराने त्या काळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"त्या पोरीच्या नावेत रोज पंधरा माणसं बसतील," ती म्हणाली. "तू सांगशील तसं शिवते मी."

लोहाराने सुरी उचलली, चामडं काकूकडेच राहू दिलं आणि तो तडक नदीवर गेला. त्या दिवशी मुलगी निघणार होती. तिला निरोप द्यायला गाव जमलं होतं, अगदी तीच माणसं, ज्यांनी वाहवा केली होती. लोहाराला परत फिरावंसं वाटलं. लाजेने त्याचे कान तापले होते. तरी तो गर्दीतून पुढे गेला, सुरी दोन दगडांवर आडवी ठेवली आणि वरून हातोड्याचा एक घाव घातला.

सुरी मुठीपासून दोन बोटांवर कट्कन मोडली. मोडलेल्या जागी आत काळी राख भरली होती.

"चूक माझी आहे," लोहार म्हणाला. "धूर दिसला तेव्हाच मला शंका आली होती. आवाज ऐकला तेव्हा खात्री पटली. तरी मी झाकलं. दोराच्या पोटात काय असतं, ते मला माहीत नाही."

म्हाताऱ्या नावाड्याने मोडका तुकडा उचलून बघितला.

"ताग असतो," तो म्हणाला. "मधोमध तागाची दोरी, तेलात भिजवलेली. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात मीच तेल मुरवलंय तिच्यात. त्या दिवशी सांगायला आलो होतो बाबा, तू मला मागे सारलंस."

कुणीतरी हसलं. मग लोहारालाही हसू आलं, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. नावाड्याच्या मुलीने खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. चार दिवसांनी जाईन म्हणाली.

कोपऱ्यातला दुसरा तुकडा कामी आला. या वेळी नावाडी भट्टीशेजारी पाटावर बसला. दोघांनी मिळून दोर उसवला, मधला ताग ओढून काढला, एकेक तार राखेने घासली आणि दोर पुन्हा पिळला. धूर थोडाच निघाला आणि लवकर विरला. पातं तयार झाल्यावर लोहाराने ते टोकापासून मुठीपर्यंत बोटाबोटावर वाजवलं. सगळीकडे घंटा वाजली. नावाड्याने डोळे पुसले आणि ते धुरामुळे आहे असं सांगितलं.

काकू नवं चामडं कापायला बसली, तेव्हा लोहाराने तिला थांबवलं. तेच जुनं चामडं घे, पुन्हा भिजव, असं तो म्हणाला. तिने तसंच केलं. जुनी रेघ तिथेच राहिली, नवी एकही उमटली नाही. मुलीने म्यान कमरेला बांधलं आणि ती डोंगर ओलांडून गेली.

श्रावणात तिकडच्या नदीला पूर आला. नाव मध्यावर असताना आख्खं आंब्याचं झाड वाहत येऊन दोरात अडकलं. नाव एका अंगावर झाली, पाणी आत येऊ लागलं. नावेत अकरा माणसं होती आणि एक तान्हं मूल. मुलीने सुरी उपसली आणि एकच घाव घातला. दोर तुटला. नाव वाहत वाहत खालच्या वळणावर वाळूला लागली, आणि सगळी माणसं चिखलातून चालत आपापल्या घरी गेली.

दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा सुरी धारेला घेऊन लोहाराकडे गेली. त्याच्या दारावर मोडक्या सुरीचे दोन तुकडे टांगलेले होते. लोहाराने सुरी हातात घेतली, म्यानात डोकावून ती काळी रेघ पाहिली, आणि मग भट्टीसमोर बसलेल्या नावाड्याला विचारलं, "तात्या, पुरात भिजलेल्या पात्याला आधी तेल द्यावं की आधी धार? मला माहीत नाही."

तात्पर्य: चूक झाकायला लागते तेवढीच मेहनत ती सुधारायलाही लागते, आणि "मला माहीत नाही" असं वेळेवर म्हटलं तर तेवढीही लागत नाही.