सरसाबाईने कळस पाहिला

पूर्णाकाठच्या चिंचखेडला श्रीकेवलनाथ महाराज महादेवाच्या ओसाड मंदिरात येऊन राहिले आणि गावाचे दिवस पालटले. त्याच गावात सरसाबाई कोष्टीण होती. ऐन तिशीत तिचा कणा मणक्यामणक्याला जखडत गेला आणि पाठीची कमान झाली. सकाळी तिला दोघांनी धरून उठवावे लागे. वैद्यांनी हात टेकले होते. उभी राहिली तरी तिला माणसांची पावलेच दिसत. लेकीचे तोंड पाहायचे तर लेकीला जमिनीवर बसावे लागे.

ती महाराजांना म्हणाली, "बाबा, धावाचं नाही मले. मान वर व्हावी, इतकंच."

महाराज म्हणाले, "माये, देव करीन. पण तुलेही करा लागीन."

त्यांनी उपचार सांगितला. उन्हाने तापलेल्या नदीच्या वाळूत पाठ शेकायची, मग मंदिरासमोरच्या दीपमाळेला पाठ लावून शिखर शोधायचे. दुखले तरी अंथरूण धरायचे नाही.

गावचे त्र्यंबकराव देशमुख येता-जाता खिजवीत, "काहून वं सरसे, दिसलं का शिखर? का तुह्या पाठीवरच बसवू कळस?" लोक हसत. सरसाबाई घरी जाऊन रडे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दीपमाळ गाठी. हळूहळू ती आपली आपण उठू लागली, पण नजर काही मंदिराच्या उंबऱ्याच्या वर चढेना.

मंदिराची डागडुजी पुरी झाली आणि कलशारोहणाचा दिवस उजाडला. भलामोठा तांब्याचा कळस त्र्यंबकरावांनी दिलेला, म्हणून शिखराखाली उभे राहण्याचा मानही त्यांचाच. कळस चढताना सर्वांनी मान लववून डोळे मिटायचे, अशी तिथली चाल. मंदिरामागून गडी दोर ओढू लागले. सगळे गाव लवले. सरसाबाईला मात्र आणखी लवता येईना. महाराज तिच्या कानाशी म्हणाले, "माये, तू वर पाह्य."

तिने दीपमाळेला पाठ रेटली, नाथांचे नाव घेतले. कोणी हनुवटीखाली हात द्यावा तशी तिची मान वर चढली. शिखर दिसले, आभाळ दिसले आणि उसवत चाललेल्या दोराला लोंबणारा कळस दिसला.

"सरका मालक! दोर तुटून राह्यला!"

त्र्यंबकराव दचकून मागे हटले, तोच त्यांच्या जागेवरची फरशी फोडून कळस आदळला. काय ही नाथांची करणी! साऱ्या गावाचे डोळे मिटलेले, आणि पाहिले ते सरसाबाईने. तिची पाठ पुढेही वाकलेलीच राहिली, वाळूचा शेक तिने जन्मभर सोडला नाही. पण मान त्या दिवसापासून खाली गेली नाही.

त्र्यंबकराव महाराजांच्या पायांशी आले. महाराजांनी सरसाबाईकडे बोट दाखवले. सर्वांदेखत देशमुखांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

"उठा मालक," ती म्हणाली, "पाय लय पाह्यले गावाचे. आता तोंड पाहू द्या."