बेगमची हरवलेली झोप

एकदा काय झालं, एका बेगमची झोपच हरवली.

खाडीच्या काठी तिचं राज्य होतं. माहतलत बेगम तिचं नाव. नवरा अल्लाहला प्यारा झालेला, मूलबाळ नव्हतं, सगळा कारभार तिच्याच हाती. सात कोठ्या होत्या तिच्या. कुठे धान्य, कुठे रेशीम, कुठे तांब्यापितळेची भांडी. आणि सातव्या कोठीत नुसत्या रजया, जमिनीपासून छतापर्यंत. सातही कोठ्यांच्या किल्ल्या बेगम कमरेला बांधायची. जेवताना सोडायची नाही, नमाजाला उभी राहिली तरी सोडायची नाही. सजद्यात वाकली की किल्ल्या खुळखुळायच्या.

पण झोप म्हणाल, तर डोळ्याला डोळा लागत नव्हता. एक नाही, दोन नाही, सात वर्षं झाली होती. हकीम आले, काढे पाजून गेले. मालिशवाल्या आल्या, तळपाय रगडून गेल्या. काही उपयोग नाही. डोळे लाल, तोंड कडू, आणि जीभ तर त्याहून कडू. वाड्यातली माणसं तिच्या सावलीलाही भ्यायची.

त्याच गावात मीरान पिंजारी राहायचा. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा, बरं का. त्याच्या हातची रजई अशी, की आजारी माणूससुद्धा घोरायला लागावा. बेगमनं त्याला बोलावलं. त्यानं रजई भरली. बेगम पांघरून आडवी झाली, तासाभरानं उठून बसली आणि म्हणाली, "हा लबाड आहे. याला बंदरावरच्या गलबतावर नेऊन बांधा."

मीरानची बायको कुलसुमबी धावत आली. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही. घरी तीन लहान लेकरं शेजारणीच्या हवाली करून आली होती. बेगमपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बेगमसाहेबा, त्यांना सोडा. रजई मी भरते. त्यांच्याच हाताखाली शिकलेय मी."

बेगम म्हणाली, "बरं. तीन दिवस देते. तिसऱ्या दिवशी असरची अजान होईल, तेव्हा मी झोपलेली असले, तर हा दरवान याकूत बुरुजावरून पांढरं कापड हलवेल आणि तुझा नवरा सुटेल. जागी असले, तर गलबत सुटेल."

असर म्हणजे दिवस कलताना पढायची नमाज. आणि ते गलबत जायचं सात समुद्रांपलीकडे. तिथं वल्ही मारायला गेलेला माणूस माघारी आलेला कुणी पाहिला नव्हता.

कुलसुमबीनं मनात मन्नत धरली, "या अल्लाह, माझा घरधनी घरी येऊ दे, मी तीन रोजे करीन." आणि कामाला बसली.

पहिल्या दिवशी तिनं नवाकोरा कापूस आणला. ढगासारखा पांढरा. धनुकली छताला टांगली. ती पिंजाऱ्याची मोठी धनुष्यासारखी कमान असते ना, ती. तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, कापसात धरली आणि लाकडी मोगरी मारली. टँव, टँव, टँव! कापूस उडाला, फुलला. रजई भरली, टाके घातले. बेगमनं ती दुपारी अंगावर घेतली. या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली. किल्ल्या खुळखुळल्या. शेवटी रजई लाथेनं उडवली.

दुसऱ्या दिवशी कुलसुमबीनं शेवरीचा कापूस आणला. तो इतका हलका, की फुंकर मारली तर माडीवर जाऊन बसेल. त्याची रजई भरली. बेगमनं पांघरली. या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली. ही रजई तर तिनं खिडकीबाहेरच टाकली.

 तिसऱ्या दिवशी सकाळी कुलसुमबी नवऱ्याला गाठायला बंदरावर गेली. पहारेकऱ्यांनी दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, मग लांबूनच बोलू दिलं. मीरान गलबताच्या काठाला बांधलेला होता. पण माणूस असा, की तिथूनही आधी कामाचंच विचारलं.

"कापूस कुठला घातलास गं?"

"नवा. सगळा नवा. राजवाड्याचं काम ना!"

"अन् तिचा जुना?"

कुलसुमबीनं कपाळावर हात मारून घेतला. पिंजाऱ्यांची जुनी चाल आहे, बरं का. रजई कुणाचीही असो, त्याच्याच जुन्या पांघरुणातला मूठभर कापूस नव्यात मिसळायचा. जुना कापूस माणसाची ऊब ओळखतो म्हणतात. वाड्याचा थाट बघून मीरान ते विसरला होता, आणि त्याच्या मागून कुलसुमबीही विसरली होती.

"मी पण नाही घातला," मीरान ओशाळून म्हणाला. "रेशमी खोळ बघितली अन् अक्कलच गेली बघ. जा आता, पळ."

ती पळतच वाड्यावर आली. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज होऊन गेली होती, ऊन उतरणीला लागलं होतं.

"बेगमसाहेबा, तुमची एखादी जुनी रजई द्या. मूठभर कापूस हवाय."

"कोठीतल्या सगळ्या माझ्याच आहेत," बेगम म्हणाली. "याकूत, कुठलीही एक आण."

 म्हातारा याकूत खांद्यावर रजई घेऊन आला. कुलसुमबीनं तिचा कोपरा उसवला, मूठभर कापूस काढला, तात त्यात धरली, बिस्मिल्लाह म्हणून मोगरी मारली.

आणि काय सांगू! तात टँव वाजलीच नाही. तात माणसासारखी बोलली.

"मी हिची नाही. मी हाजराबीची."

कुलसुमबीच्या हातातली मोगरी खाली पडली. याकूतनं कानात बोटं घातली. हाजराबी सगळ्यांना ठाऊक होती. वेशीजवळ राहणारी आंधळी म्हातारी. थंडीच्या दिवसांत गोणपाट गुंडाळून बसायची.

"दुसरी आण," बेगम म्हणाली. 

दुसरी आली. तात म्हणाली, "मी हिची नाही. मी मशिदीच्या पायरीवरच्या लंगड्या फकिराची."

तिसरी आली. तात म्हणाली, "मी हिची नाही. मी धोबीआळीतल्या पाच पोरांच्या आईची."

मग बेगमनं याकूतला दाराबाहेर उभं केलं. कुलसुमबीच्या अगदी जवळ आली आणि हळूच विचारलं, "म्हणजे... तुलाही ऐकू येतं?"

कुलसुमबीला सगळं उमगलं. अल्लाहनं श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क ठेवलाय. वर्षाकाठी चाळीस वाट्यांतला एक वाटा. त्यालाच जकात म्हणायचं. तो दिला की उरलेला माल पाक होतो, गोड लागतो. बेगमनं सात वर्षं तो दिलाच नव्हता. म्हणून ती उशीला डोकं टेकायची आणि कोठ्या कुजबुजायला लागायच्या. मी अमकीची, मी तमक्याची. एकटीलाच ऐकू यायचं. तिला वाटायचं, आपल्याला वेड लागलं. आणि ती ते कुणाला सांगायची नाही.

तेवढ्यात बंदरावरून ढोल ऐकू आला. गलबताचं शीड चढवत होते.

बेगमनं कुलसुमबीच्या हातात सुरी दिली. "ही तात तोड. पुन्हा बोलता कामा नये. आणि जे ऐकलंस ते कुणाला सांगायचं नाही. मी आत्ता तुझा नवरा सोडते. वर या कोठीतल्या हव्या तेवढ्या रजया घेऊन जा. तुझ्या सात पिढ्या थंडीनं कुडकुडणार नाहीत."

कुलसुमबीनं सुरी हातात घेतली. खोटं कशाला सांगू, तिचं मन डळमळलं. एक घाव, की मीरान घरी. तिला तिची लेकरं दिसली. एकाच दुलईत तिघं निजायची, पहाटे ओढाओढ चालायची. तिनं सुरी तातीवर ठेवलीही.

पुन्हा ढोल वाजला.

आणि तिनं सुरी खाली ठेवली. बोलली ती स्पष्ट.

"बेगमसाहेबा, तात तोडली तर माझी धनुकली मुकी होईल. तुमचा कापूस कसा मुका होईल? आणि यातली रजई मी घरी नेली, तर ती माझ्या घरात बोलेल. माझी लेकरं एका दुलईत निजतात. पाय बाहेर राहतात त्यांचे. पण निजतात हो! ती झोप मी नाही विकणार."

"मग तुझा नवरा जाईल!"

कुलसुमबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "त्याचा मालक अल्लाह आहे," ती म्हणाली. "तुम्ही जिची रजई तिला देऊन टाका. एकच देऊन बघा."

"देणारच आहे मी!" बेगम ओरडली. "पुढच्या वर्षी देईन. दुप्पट देईन. थोडं आणखी साठू दे."

"सात वर्षं हेच म्हणत असाल."

बेगमनं किल्ल्या मुठीत आवळल्या.

"आणि हाजराबीचं काय?" कुलसुमबी म्हणाली. "ती पुढच्या थंडीपर्यंत तुमची वाट बघत बसेल?"

बेगम मटकन खाली बसली. लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली, "पण दिलं की कमी होतं गं. मला भीती वाटते."

कुलसुमबीनं तिच्या कमरेकडे बघितलं. किल्ल्यांनी तिथली कातडी सोलवटून निघाली होती. "एवढं सगळं आहे तरी वाटतेच ना?" ती हळूच म्हणाली.

तिनं हाजराबीच्या रजईत कापूस परत कोंबला, चार टाके मारले आणि रजई बेगमच्या मांडीवर ठेवली. बेगमनं ती एकदा छातीशी धरली. मग तिनं हाक मारली, "याकूत!"

याकूत रजई घेऊन धावला. म्हातारा, पण असा धावला, की पागोटं वाटेत पडलं तरी थांबला नाही. परत आला तो धापा टाकत. "दिली, बेगमसाहेबा. म्हातारीनं अंगभर गुंडाळली. विचारत होती, कुणी दिली? मी म्हटलं, अल्लाहनं."

कुलसुमबीनं तात छेडली. हाजराबीचं नाव आलं नाही.

आणि मग बेगमनं तोंड उघडलं. मोठं उघडलं. याकूत घाबरून ओरडला, "हकीम बोलवा! बेगमसाहेबांना काहीतरी होतंय!"

"मामू, गप्प बसा," कुलसुमबी कुजबुजली. "जांभई आहे ती."

सात वर्षांतली पहिली जांभई! बेगमलाच आधी कळेना काय झालं. मग ती उठली, कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि याकूतच्या ओंजळीत टाकल्या. "फकिराची फकिराला दे. धोबीआळीत दे. साती कोठ्या उघडा. चाळिसातला एक, सात वर्षांचा, एकही वाटा ठेवू नका." वाड्यातली सगळी माणसं कामाला लागली. रजया निघाल्या, धान्याची पोती निघाली. दारातून ओझं बाहेर पडलं की बेगमला एक जांभई. आणखी ओझं, आणखी जांभई. कोठ्यांमधली कुजबुज विरत गेली, विरत गेली, आणि शेवटी नुसती शांतता राहिली.

कुलसुमबी घाईनं रजई भरायला वळली. मागे बघते तर काय! बेगम तिथंच, पिंजलेल्या कापसात, गाल हातावर टेकून झोपली होती. अंगावर पांघरूण नाही, डोक्याखाली उशी नाही.

आता खरी गंमत ऐका, बरं का. गंमत कसली, जीवघेणी वेळ ती. अजान अजून व्हायची होती! बेगम अजानेच्या वेळी झोपलेली असायला हवी होती. आणि मशीद वाड्याच्या भिंतीला लागून. बांगी, म्हणजे अजान देणारा, उंच आवाजाचा. अजानेनंच बेगम जागी झाली तर?

कुलसुमबीला काही सुचेना. खिडकीतून गलबत दिसत होतं. दोर सोडायला माणसं उभी होती. याकूतनं रजईची रिकामी पांढरी खोळ उचलली आणि चवड्यांवर चालत बुरुजाच्या पायऱ्या चढला. माशी घोंगावली, तिलाही कुलसुमबीनं पदरानं हाकललं.

आणि अजान झाली. अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर...

बेगम हलली.  बेगमच्या पापण्या थरथरल्या. तिनं एक हात लांब केला, कापूस चाचपला...

आणि कूस बदलली. फक्त कूस बदलली. आणि घोरायला लागली. बेगम असून घोरायला लागली!

कुलसुमबीनं बुरुजाकडे हात हलवला. याकूतनं खोळ हलवली. एकदा हलवली, दोनदा हलवली, तिसऱ्यांदा हलवली तेव्हा कुठे गलबतावरच्या माणसानं वर बघितलं. दोर सोडणारे थांबले. मीरानच्या हातातली बेडी उघडली. कुलसुमबीला ओरडायचं होतं, पण ओरडता येत नव्हतं. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती रडली.

दिवस मावळायच्या आधी बेगमला जाग आली. तिनं हातपाय धुऊन वजू केला, असरची नमाज पढली. सजद्यात वाकली तर काही खुळखुळलं नाही. मग तिनं मीरानची माफी मागितली आणि कुलसुमबीला म्हणाली, "माग. काय हवं ते माग."

"दोन रजयांची मजुरी द्या," कुलसुमबी म्हणाली.

"तीन ना?"

"तिसरी मी भरलीच कुठे?"

बेगम हसली. वाड्यातल्या माणसांनी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. मजुरी घेऊन दोघं घरी गेली. कुलसुमबीनं तिचे तीन रोजे केले. मीराननं पुन्हा दुकान उघडलं. पोटापुरतं मिळायचं, आणि मिळालं की अल्हम्दुलिल्लाह म्हणून दोघं जेवायची. बेगम दर वर्षी वेळेवर जकात काढायची, आणि दुपारी सुद्धा अशी झोपायची, की नोकरांना हाका माराव्या लागायच्या. हाजराबी उबेत राहिली, फकीर उबेत राहिला, धोबीआळीतली पोरं उबेत राहिली. सगळी सुखानं नांदली.

तुमच्याही घरात अशीच बरकत राहो. बास आता, खिडकीकडे बघू नका, इकडे तोंड करा. दुआ पढलीत ना? मग मिटा डोळे.