पापडकुंड

डोंगराच्या पोटातून येणारं या कुंडाचं पाणी भर चैत्रातही हाडं गोठवतं. नाव मात्र पापडकुंड. हसा, इथे येणारा प्रत्येक जण हसतो.

असं सांगतात, की फार पूर्वी गावच्या बाया या कातळावर पापड वाळत घालायच्या आणि पोरं कुंडात डुंबायची. त्यांतल्याच एका सगुणाचा थोरला मुलगा याच पाण्यात बुडून गेलेला. म्हणून सात वर्षांच्या लेकीला, ठकीला, ती पाठीला सुका भोपळा बांधल्याशिवाय पाण्यात सोडत नसे. पाण्यातल्या देवींची, साती आसरांची, ओटीही भरायची. तरी जिवाला घोर तो होताच. दर पापडागणिक नजर कुंडाकडे जाई, भोपळा तरंगताना दिसला की जीव भांड्यात पडे.

एके दिवशी ठकी आधी खूप कुडकुडली, मग कुडकुडायची थांबली. शेजारीण म्हणाली, अंग सरावलं गं पोरीचं. सगुणालाही ते पटलं. तिथेच घात झाला म्हणे.

मायलेकींचा एक खेळ होता. आईने ‘कच्चा पापड’ म्हटलं की लेकीने ‘पक्का पापड’ म्हणायचं. सगुणाने सहज हाक दिली. ठकीने तोंड उघडलं, पण ओठाला ओठ लागेना. नुसतंच ‘आ, आ’ आलं. भोपळा तरंगत होता, डोकं पाण्यावर होतं, आणि पोर थंडीने विझत चालली होती.

 सगुणाला पोहता येत नव्हतं. पापडांखालचं लुगडं तिने हिसकलं, पापड चौफेर उडाले. एक टोक कमरेला बांधून दुसरं बायांच्या हाती दिलं आणि ती कुंडात उतरली.

पोरीला बाहेर काढून, कोरडी करून, ती छातीशी कवटाळून बसली. "पापड म्हण गं बाय, पापड म्हण." कितीतरी वेळाने ठकीचे ओठ जुळले. तेव्हा कुठे सगुणाला रडू फुटलं.

"भोपळ्याला जीभ नसते," ती बायांना म्हणाली. "पोरांना बोलतं ठेवा."

आजही पोरं पाण्यात असली की कातळावर कुणीतरी बसतं आणि घडीघडीला ‘कच्चा पापड’ म्हणून ओरडतं. ज्याची जीभ अडखळेल त्याने मुकाट्याने वर यायचं, रडारड चालत नाही.

ती लाल झग्यातली नात तुमचीच ना? मघापासून पाण्यात खिदळत होती. आता गप्प झालीय. माझ्याकडे काय बघताय, हाक मारा तिला.