वाकडी पाठ

"रोहूबाई, तुमचं वाकड्या पाठीचं पोर थव्यातून काढा!" तळ्याचे पुढारी कटलाजीराव ओरडत होते. मासे अजून बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट.

"अहो, जन्मला तेव्हा सरळ होता," रोहूबाई रडवेली झाली. "एकटा सोडला तर बगळा उचलेल त्याला!"

"मग वाकला कसा? मालक सगळ्यांना एकच पेंड घालतो. पोटभर!"

काठाचं गवत चघळत गवत्या माशांची म्हातारी आत्या पुढे आली. पुढाऱ्यांना ती कधीच भ्याली नव्हती.

"पत्र्याच्या खोलीत वर्षभर तापलेल्या पेंडीत सत्त्व कुठलं राहणार? पोर माझ्याकडे द्या, ताजं हिरवं खाऊ घालते. आणि कटल्या, पोराला हाकलण्याआधी तू स्वतः या काठापासून त्या काठापर्यंत सरळ पोहून दाखव, कारण तुझीही पाठ वाकायला लागलीय!"